कोपरा कापलेली बारा पोस्टकार्डं

मागच्या महिन्यातल्या एका बुधवारी मी वारलो, असं माझ्या कागलच्या आत्याचं ठाम मत होतं. त्या वेळी मी शाहूपुरीतल्या आमच्या घरात लुंगी नेसून, बशीतल्या पाण्यात हंगेरीचं त्रिकोणी तिकीट भिजवत बसलो होतो.

याचं मूळ माळ्यावर होतं. दिवाळीनंतर माळा झाडताना माझा शाळेतला पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम सापडला. या अल्बमसाठी मी (वय वर्षे दहा) गल्लीभर लिफाफे मागत हिंडलो होतो. वडिलांच्या नोकरीच्या पत्राचं तिकीट कापताना तर मागच्या बाजूची हजर व्हायची तारीखही कापली होती. त्याचा मार अजून आठवतो. आता निवृत्त झालोय, म्हटलं छंद पुन्हा सुरू करू.

"तुमाला पत्र पाठवणारं हाय कोण?" बायको म्हणाली. "लाईटबिलसुदीक मोबाईलवर येतंय."

"माझी माणसं पाठवतील. मागायचा अवकाश."

"बरं. एकतीस तारखेपत्तोर पोस्टानं एक तिकीट आलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाय तर ह्यो अल्बम रद्दीत."

एक! आयुष्यभर लोकांच्या लग्नाला-बारशाला धावलेल्या माणसाला एक तिकीट! मला अपमान वाटला. अल्बमशेजारीच वडिलांनी घेऊन ठेवलेला कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. उंदरांनी त्याचा एक कोपरा कुरतडला होता. पाहुण्यांना कुरतडलेलं कार्ड कसं पाठवायचं, म्हणून मी बारा कार्डांचे कोपरे कात्रीनं सफाईनं कापले, वरून आजच्या दराची तिकिटं डकवली आणि लिहिलं, 'छंद पुन्हा सुरू केला आहे. छानसं तिकीट लावून पत्र पाठवावे. फोन करू नये.' (फोनमधून तिकीट येत नाही, म्हणून.)

आपल्याकडे मयताचं पत्र कोपरा फाडून पाठवतात आणि तसलं पत्र घरात न ठेवता लगेच फाडून टाकतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला ते बुधवारी आत्याला दारात बघून आठवलं.

आत्या गल्लीच्या तोंडापासूनच रडत आली. रडताना मेलेल्याचे गुण सांगायचे असतात. "लहानपणी लई गोरा हुता गं माझा सुऱ्या," एवढं म्हणाली आणि दुसऱ्या गुणाला अडली. दारापर्यंत पुन्हा गोराच होतो. मागून तिचा मुलगा बाळू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन येत होता, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्याच्या मागं अर्धी गल्ली.

मी बशी हातात घेऊन दार उघडलं. आत्याचं रडणं थांबलं. आनंद मात्र काही दिसला नाही.

"मरायचं न्हवतं तर कोपरा कशाला कापलास?"

"आत्या, उंदरानं खाल्लावता."

"मग उंदराच्या नावानं धाडायचं."

"निदान वाचायचं तरी!"

"मयताचं पत्र वाचत बसत्यात व्हय? तुजं नाव बघितलं आन् दारातच फाडलं."

"आन् मी फोन लावणार हुतो दादा," बाळू म्हणाला, "पर 'फोन करू नये' एवढं मला दिसलंवतं. माजी रजा गेली की फुकट."

माझ्या जगण्यानं त्याची रजा फुकट गेली! संतापाच्या भरात मी त्याच्या डब्यातलं पिठलं खाल्लं. स्वतःच्या सुतकाचं पिठलं फार झणझणीत होतं.

बायकोनं बाकीच्या घरी फोन लावले. दहा घरांनी कार्ड आल्याचं कबूल केलं. म्हणजे मी मेल्याचं कळूनही दहा जण जागचे हलले नव्हते. पन्हाळ्याकडचा मावसभाऊ म्हणाला, "येणारच हुतो की वयनी, पर नेमकी उसाला तोड आली." अकरावी बायकोची बेळगावची आक्का. तिचा फोन लागलाच नाही.

तीस तारखेला पोस्टमन आला. लिफाफा! वर मोराचं सुंदर तिकीट, त्यावर बेळगावचा स्वच्छ गोल शिक्का. मी बायकोपुढे नाचवला. तिनं तो शांतपणे माझ्या हातातून काढून घेतला.

"नाव वाचा. माजं हाय."

मग तिनं मोठ्यानं वाचलं. "सुनंदा, कार्ड बघून दाजी गेलेले समजले. फोन करू नये लिहिले होते म्हणून पत्र. गुडघ्यामुळे येता येत नाही. धीर धर. तशी आधीपासून तूच एकटीनं सगळं बघत होतीस, त्यामुळे फारसा फरक पडायचा नाही. आता तरी माळ्यावरचा पसारा काढून टाक."

"आक्का खोटं न्हाय लिवत," बायको म्हणाली आणि पत्राची घडी घालून कपाटात ठेवली. लिफाफा मात्र तिनं माझ्यापुढे सरकवला.

तर अल्बम वाचला. पोस्टानं एक तरी तिकीट येईल अशी माझी पत आहे, हे सिद्ध झालं. फक्त त्यासाठी मला मरावं लागलं.