पाय वाचला, पेढे आणा

आमच्या अमरावतीच्या वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. खाटेखाली नातेवाइकांच्या चपला साचतात, तसे ते साचतात. नामदेवरावांच्या एकाच खाटेखाली हे एवढे सापडले.

*

नामदेवराव वरूडचे, संत्र्याचे बागायतदार. ट्रॉली उलटली आणि पाय बराच वेळ खाली दबून राहिला. आमच्या सर्जन सरांनी बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. पाय गरम झाला.

"पाय वाचला. पेढे आणा," सर म्हणाले.

मी नवी, त्यात उत्साही. "सर, आता किडनी जपायला हवी. चेंगरलेल्या स्नायूतलं विष रक्ताबरोबर तिकडे पोचेल."

"डॉक्टर, ऑपरेशन पायाचं होतं."

खरंच होतं. डिपार्टमेंटच्या हद्दी रक्ताला कोणी कळवल्या नव्हत्या, एवढंच.

*

किडनी चालते की नाही, हे लघवीच्या पिशवीवरून कळतं. सकाळी थोडी तरी येत होती, चहासारखी काळपट. दुपारी पाहते तर पिशवी कोरडी. किडनी गेली! आमचं डायलिसिसचं मशीन बंद, म्हणून मी अकोल्याला फोन लावला, अँब्युलन्स सांगितली.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी शांताबाई हात पुसत आल्या. "मीच रिकामी केली मॅडम. पाव्हणे येऊन राहिले. त्यांच्यापुढे लघवी भरून ठेवू काय?"

अँब्युलन्स परत गेली. मी म्हटलं, "काकू, आता हिला कोणी हात लावायचा नाही. आधी पिशवी, मग पाय."

*

पाव्हणे आले ते संत्र्यांची पेटी घेऊन.

"संत्री बंद," मी म्हणाले. "त्यातलं पोटॅशियम किडनीला बाहेर टाकता आलं नाही, तर हृदय थांबेल."

परतवाड्याचा मेहुणा भडकला. "वरूडच्या माणसाले संत्र बंद? मंग अमरावतीले आणला कावून त्याले?"

पेटी सरांच्या केबिनमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "संत्री गोड आहेत. पेशंटलाही द्या, ताकद येईल."

पेशंटला मी सलाइनच देत राहिले. ताकद सरांना आली.

*

आठवड्याच्या शेवटी सर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन राउंडला आले. थेट पायाकडे. नाडी दाखवायला हात पुढे केला, तोच शांताबाई आडव्या आल्या.

"थांबा सायेब. पायाले मंग हात लावा. पयले पिशवी पाहा."

"कसली पिशवी?"

"यांची, लघवीची. आमचे पाव्हणेबी पयले तेच पाहून राहिले."

पिशवी खाटेच्या खालच्या दांड्याला लटकत होती. भरलेली, पाण्यासारखी स्वच्छ.

पाहायला सरांना गुडघे टेकावे लागले.