काट्यावरची खीर

पाहुण्यांसमोर नवऱ्यानं माझ्या ताटातली पुरणपोळी उचलली. वजनकाट्यावर ठेवली. मोबाइलमध्ये आकडा भरला. मग अर्धी पोळी मोडून परत डब्यात टाकली आणि उरलेली माझ्या ताटात ठेवली.

त्याचे मित्र बायकांसकट जेवायला आले होते. त्यातला एक म्हणाला, याला म्हणतात शिस्त. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात नुसती फुगलीय, आमचा मुलगा म्हणून एवढी काळजी घेतो. सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर पाहुणे गेल्यावर काय झालं असतं, ते मला माहीत होतं.

मी याच शहरातली. जामबागच्या मराठी शाळेत शिकलेली. माझ्या दादाचं दिलसुखनगरला वह्या-पेनांचं दुकान आहे. नवरा पुण्याचा, आयटीतला, नोकरीसाठी इथे आलेला, तारनाक्याला स्वतःचा फ्लॅट. माझ्या इथल्या दखनी वळणाच्या बोलण्याला ही माणसं आधीपासूनच हसायची. ‘हौ’ म्हटलं की सासूबाई मला सगळ्यांसमोर ‘हो’ म्हणायला लावायच्या. मग लेक झाली, माझं अंग सुटलं, आणि ओट्यावर तो काटा आला. काचेचा, बशीएवढा. रिकामं ताट ठेवायचं, बटण दाबून शून्य करायचं, मग भात. परत शून्य, मग वरण. तो म्हणायचा, अंदाजे काही नको, अचूक पाहिजे.

त्यानं कधी हात उचलला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. दिवसाचे आकडे मी भरायची, संध्याकाळी आल्यावर तो ते मोबाइलमध्ये बघायचा. आकडा ठरल्यापेक्षा वर जाऊन लाल झालेला असला की बोलणं बंद. त्याचं बंद, म्हणून सासूबाईंचंही बंद. लेक रडली तरी दोघं उचलायची नाहीत. त्या खामोशीत मी तिला घेऊन घरभर फिरायची. ऑफिसला जाताना तो तुपाची बरणी काट्यावर तोलून जायचा, आल्यावर परत तोलायचा. बरणी ठेवल्याचा टक्क आवाज आला की मी हातातलं काम सोडून उभी राहायची.

चाखणंही खाण्यात धरायचा. देवाच्या नैवेद्याचं आपण चाखत नाही, मी रोजचंच चाखेनाशी झाले. वरण अळणी झालं की त्याचीही बोलणी मीच खायची.

लेक अंगावर पीत होती. मला अशी भूक लागायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दूध आटत चाललं. ती बिचारी ओढ ओढ ओढायची आणि किंचाळायची. मी नवऱ्याला सांगितलं, माझं पोट भरत नाही म्हणून तिचं भरत नाही. तो शांतपणे म्हणाला, पावडरचं दूध आणू, ते मोजूनच देता येतं. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून फुटाणे खायला लागले. माझ्याच घरात, चोरासारखी, दाराकडे बघत. चावल्याचा आवाज बाहेर जाईल म्हणून तोंडात भिजवून गिळायची.

लेकीला सहावा महिना लागला तसं उष्टावण घरीच करायचं ठरलं. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून दादा चांदीची वाटी घेऊन आला. खीर मी केली होती. न चाखता. लेकीला मांडीवर घेऊन दादा पाटावर बसला आणि अंगठी खिरीत बुडवणार, तेवढ्यात नवऱ्यानं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

काटा आणून पाटाशेजारी ठेवला. खीर दुसऱ्या भांड्यात ओतली, रिकामी वाटी ठेवून शून्य केलं, खीर परत वाटीत घातली. मोबाइलमध्ये माझ्या नावाखाली लेकीचं नाव होतं. त्यानं आधीच घालून ठेवलं होतं.

“आत्तापासून सवय लागली पाहिजे,” तो म्हणाला. “आईवर जायला नको.”

दादानं मान खाली घातली. लेक वाटीकडे दोन्ही हात लांबवून रडायला लागली. तिचा पाय काट्याला लागत होता. नवरा म्हणाला, पाय धरा तिचा, आकडा हलतोय.

पाय धरा तिचा. भुकेल्या पोरीचा.

मी वाकले आणि काट्यावरची वाटी उचलली.

“खाली ठेव. नोंद झालेली नाही.”

“नक्को,” मी म्हणाले. “तिचं नाव काढा त्यातनं. माझंही काढा. दादा, भरव तिला.”

दादानं भरवलं. लेकीनं ओठ चाटले आणि परत तोंड उघडलं. मी पातेल्यातली खीर वाडग्यात घेतली आणि सगळ्यांसमोर उभ्यानंच खाल्ली. साखर कमी पडली होती. डबा काढून वरून घातली.

तेव्हापासून या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. काटा अजून ओट्यावरच आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी जेवायला बसले की पोटभर वाढून घेते, त्याच्यासमोर. लेकीच्या वाटीखाली तो काटा परत आला, तर त्या दिवशी मी लेकीला घेऊन या घरातून निघेन. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो काही बोलला नाही. न बोलू दे.