मुशीचं तेल आणि नामाचं मशीन

नामा तुर्भ्याचा आगरी, मी सारसोळ्याचा कोळी. लोक मला आजही विचारतात, जयदेव, तुझी वाजंत्री जीभ आणि त्याची दाताला चिकटलेली, तुमचं दोघांचं जमलं कसं? अहो, जमलं कसलं! मी एकदा त्याचं पार वाटोळं करायला निघालो होतो, आणि त्यातूनच जमलं.

नामाच्या घरातल्या तीन पिढ्या मिठागरात राबल्या. खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, उन्हात आटवायचं, मग मीठ ओढायचं. पावसाळ्यात हे काम बंद. बाकीचे लोक तेव्हा भात लावायला जायचे. नामाला शेत नव्हतं, म्हणून तो ठाण्याला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचा. दुकानदार पगार देत नव्हता, शिकवतही नव्हता, फक्त हाकलत नव्हता. असे पाच पावसाळे नामाने नुसतं बघून काढले आणि सगळं काम डोक्यात उतरवलं. त्याची आई गोजरा कपाळाला हात लावून म्हणायची, याच्या डब्यात भात शिजत नाय नि मीठबी पिकत नाय.

त्याच सुमाराला तुर्भ्याकडे कारखाने आले. मी एकात फिटर लागलो. तिथल्या गोव्याच्या फोरमनकडून मी एक जुनी विजेची गिटार घेतली, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची ती. घेतली खरी, पण आवाज मोठा करणाऱ्या मशीनशिवाय, ॲम्प्लिफायरशिवाय, तिचा आवाज माझ्या मलाच ऐकू येईना. कुणीतरी नामाचं नाव सांगितलं. त्याने कुठल्याशा सिनेमाघराचं भंगारात गेलेलं तसलं मशीन उचललं, तीन महिने त्यात डोकं घातलं आणि उभं केलं. आत काचेचे व्हॉल्व, चालू झाले की समईसारखे पिवळे पेटायचे. पहिल्यांदा गिटार लावून तार छेडली तेव्हा गोजरामावशी चुलीपुढून उठून बाहेर आली. मला तर रडूच आलं, खोटं कशाला बोलू!

नामा काम करताना डावा हात पाठीमागे धरायचा. एक हात मशीनमध्ये, एक पाठीवर. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो, हे तो ठाण्याला शिकला होता. पोरी हसायच्या, लग्नाला उभा राहिलाय की काय म्हणायच्या. तो हसणाऱ्यांकडे बघायचासुद्धा नाही.

सदुसष्ट सालची नारळी पुनव. सारसोळ्यात दरवर्षी भोंगेवाला ठाण्याहून यायचा. त्या साली नामाचं मशीन लाव म्हणून मी धर्मापाटलाच्या मागे लागलो. धर्मापाटील गावचा पुढारी, त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेवटी तो तयार झाला. पुनवेला मशीन नीट वाजलं तर वर्षभराच्या हळदी, लग्नं, पूजा सगळं नामाचं. नाही वाजलं तर ठाणेवाला आहेच. तिकडे मिठागराच्या मुकादमानेही नामाची जागा पुनवेपर्यंतच धरून ठेवली होती. नामाने मुकादमाला कळवून टाकलं की मी येत नाही, जागा दुसऱ्याला द्या. मला वाटलं, हा वेडा आहे. पण काम तुलाच मिळणार, हा शब्द मीच त्याला दिला होता.

आता माझा पराक्रम ऐका. मशीन आदल्या दिवशी आमच्या घरी आणून ठेवलं होतं. नामाने बजावलं होतं, हात लावू नको. पण आमच्या घराची रीत अशी की लोखंडापितळेची वस्तू दिसली की तिला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लागलंच पाहिजे. खारी हवा कशाला सोडत नाही. कोयता, कडी, कुलूप, होडीच्या नांगराची साखळी, सगळ्याला आम्ही तेल चोळायचो. मी मागची जाळी काढून आत डोकावलो. मोठ्या व्हॉल्वांना हात लावायची हिंमत झाली नाही. मधला एक बारका उपसला, त्याच्या पायांना मस्तपैकी तेल चोळलं, ते पाय बसतात त्या भोकांतही कापसाने थोडं सोडलं आणि परत बसवला. मित्राच्या मशीनची सेवा केली म्हणून त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

पुनवेला सकाळी नऊपासून बंदरावर मशीन सुरू. दोन भोंगे बांबूवर चढवलेले, वीज धर्मापाटलाच्या घरातून ओढलेली. मी गिटार घेऊन मांडवात. आवाज असा लागला की खाडीपलीकडून होड्या वळल्या. आमच्याकडे नारळ भरत्या पाण्यात सोडायचा रिवाज, आणि त्या दिवशी भरती एकला पूर्ण होणार होती. साडेअकराला मिरवणूक गावातून निघाली. बायका नव्या लुगड्यांत, पुढे सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ. मिरवणूक मांडवासमोर आली, मी कांडी वर सरकवली आणि आवाज गेला.

खरखर नाही, घरघर नाही. व्हॉल्व पेटलेले, तांबडा दिवा चालू, आणि भोंगे मुके. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी मुक्या तारा खाजवत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, मीठवाल्याला मशीन दिलं की असंच व्हायचं. धर्मापाटील मांडवात आला.

"पानी फिरायच्या आत आवाज आला पायजे," तो नामाला म्हणाला. "नाय आला तर भोंगे उतरव, आन परत या गावात दिसू नको."

 नामाने डावा हात पाठीमागे घेतला आणि मशीनपुढे खाली बसला. मी घायकुतीला येऊन म्हणालो, अरे, गिटारची वायर बघ, प्लग बघ! तो म्हणाला, "जयदेव, पानी कुठं आडलंय ते शेवटच्या वाफ्यापासून मागं बघत जायाचं."

मिठागरात पाणी अडलं की त्याचा बाप तसाच करायचा, शेवटून उलटा चालत यायचा. नामाने आधी भोंग्याच्या वायरीला बॅटरीचा सेल टेकवला. भोंग्यात खट्ट वाजलं. म्हणजे भोंगे शाबूत. मग पेचकसाच्या टोकाने मोठ्या व्हॉल्वच्या पायाला स्पर्श केला. भोंगा गुरगुरला. म्हणजे तेही शाबूत. मग तो मधल्या बारक्या व्हॉल्वपाशी आला. टोक लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही.

"हितं आडलंय," तो म्हणाला.

त्याच्याजवळ तसला एक जादा व्हॉल्व होता. त्याने तो बदलला. व्हॉल्व तापायला वेळ लागतो. शंभर मोजेपर्यंत थांबलो. भोंगे मुकेच. मागे कुजबुज वाढली, आणि एकाने तर बांबूची दोरी सोडायला घेतली. पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं होतं.  त्याने मुकादमाची जागा सोडली होती, ती माझ्या शब्दावर.

नामा मात्र मशीनकडेच बघत होता. नवा व्हॉल्व त्याने फडक्याने धरून जरा तिरका केला. भोंग्यातून खर्र असा आवाज आला आणि गेला. त्याने मशीन बंद केलं, व्हॉल्व उपसला, नाकाशी नेला. आमच्या गावात मुशीच्या तेलाचा वास कुणाला येतो? तो आम्हाला वासच वाटत नाही. पण नामा तुर्भ्याचा. त्याने भोकं हुंगली, त्यातलं काळपट चिकट बोटावर घेतलं. तेल तापून तापून त्याचा डिंक झाला होता, आणि व्हॉल्वचे पाय त्या डिंकात बसून करंटापासून तुटले होते. नामाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला सगळं कळलं होतं. तीनशे माणसांसमोर एक बोट माझ्याकडे केलं असतं तर तो तिथल्या तिथे सुटला असता. त्याने नजर काढून घेतली आणि विचारलं, "स्पिरिट हाय का कुनाकडं? रॉकेल नको, त्याचाबी तेलकटपना ऱ्हातो."

कोळीवाड्यात स्पिरिट कुठलं! मग तोच हळूच म्हणाला, पहिल्या धारेची असली तरी चालेल. आता दारूबंदीचे दिवस, बेलापूरचा हवालदार बंदोबस्ताला दहा पावलांवर उभा. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी धर्मापाटलाची बायको कमळीकाकी पुढे झाली, मासळीची पाटी उचलली आणि खालून बाटली काढून नामाच्या हातात दिली. पाटलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हवालदार खाडीकडे तोंड करून पाण्याचा अंदाज घेऊ लागला.

नामाने काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला, एकेक भोक पुसलं. व्हॉल्वचे पाय घासले. मांडवभर वास सुटला, म्हातारे खुशीत आले. घाई म्हणून नाही. सगळं वाळू दिलं, फुंकर मारून बघितलं, मग व्हॉल्व बसवून मशीन चालू केलं. पिवळा उजेड आला. त्याने पेचकस टेकवला आणि दोन्ही भोंगे असे गुरगुरले की दोरी सोडणारा खाली बसला.

बायांनी टाळ्या पिटल्या. पाणी शेवटच्या पायरीला लागलं होतं, फिरलं नव्हतं. धर्मापाटलाने विचारलं, काय झालं होतं रे? नामा म्हणाला, "काय नाय पाटील, खारी हवा."

हे मात्र मला सोसेना. माझ्यासाठी तो खोटं बोलला, आणि खारी हवा म्हटलं की लोक म्हणणार, याचं मशीन खाडीकाठी टिकत नाही. मी माइक ओढला. दुरुस्त झालेल्या मशीनमधून पहिला शब्द गेला तो माझा.

"चूक माझी होती. मशीनला तेल मी लावलं. नामाचं मशीन एक नंबर हाय."

आमच्या गावात झाडून सगळ्यांनी ते ऐकलं, नेरुळच्या वेशीपर्यंत गेलं म्हणतात. मांडवात आधी कमळीकाकी हसली आणि मग सगळं बंदर हसलं. धर्मापाटील नामाजवळ गेला, त्याच्या पाठीवरचा तो डावा हात धरून वर केला आणि म्हणाला, वर्षभर नाही, मी जिवंत आहे तोवर गावाचं काम याचं. नामा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, आवाज चांगला येतोय, आता वाजव. मी अशी वाजवली की कांडी हातात तापली. नारळ भरत्या पाण्यात गेला.

धर्मापाटील पुढे सव्वीस वर्षं जगला, आणि पाटलाने शब्द पाळला. मिठागरं गेली, नेरुळचं शहर झालं, नामाकडे चार मशीनं झाली, पोरं कामाला आली. गोजरामावशीने शेवटपर्यंत त्या पहिल्या डब्याला रोज कुंकू लावलं, पण करंटाच्या भीतीने हात लांब करून. जगातले सगळे माइकवाले हॅलो हॅलो करून आवाज बघतात. सारसोळ्यात मात्र नामा माइक माझ्यापुढे धरायचा आणि वाट बघायचा. मी म्हणायचो, "चूक माझी होती." भोंग्यातून ते स्वच्छ आलं की तो मान हलवायचा, आणि मग हळद सुरू व्हायची.