दादाची नळी आणि माझा आलुबोंडा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. अर्जुनी मोरगावला बसस्टँडजवळ माझं नाश्त्याचं दुकान आहे. मागच्या चिंचेवर हडळ राहते म्हणतात. इतकी वर्षं तिच्या नाकाखाली मिरच्या तळतोय... ती साधी शिंकलीसुद्धा नाही. तर असा मी! आणि हे झेंगट माझ्याच गळ्यात पडावं?

माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, पोटात कॅन्सर निघाला. गोंदियाच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठी काढल्या. सगळं नीट. पण पोटात बसवलेल्या नळीतून खालच्या बाटलीत पांढरं पाणी यायला लागलं — अगदी दूध! एखादी म्हैस लाजली असती. डॉक्टर म्हणाले, गाठी काढताना आतल्या रसवाहिनीला कुठेतरी गळती लागली आहे. तेल-तूप पूर्ण बंद. पोटात गेलेलं तेल तिथूनच गळणार. इंजेक्शनं सुरू झाली. गळती थांबेपर्यंत केमो नाही, आणि नाहीच थांबली तर पोट पुन्हा उघडायचं. दादाची पार काडी झाली होती. दुसरं ऑपरेशन त्याला झेपणार नाही, हे कोणी बोलत नव्हतं एवढंच.

मी दवाखान्यात राहायचो तेव्हा त्याच्याबरोबर तीच बिनतेलाची मुगाची खिचडी गिळायचो. नळीतलं पाणी हळूहळू निवळायचं. दुकान उघडायला गावी परतलो की वहिनीचा फोन — "भाऊजी, पुन्हा पांढरं आलं!"

पुढच्या खेपेला सिस्टरनं मलाच धरलं. "भैया, सच बोलो, डब्बे में क्या लाते हो?" डबा हुंगला, पिशवी उलटी केली. अहो बाई, बाटली पांढरी झाली तेव्हा मी तिकडे अर्जुनीत कढईसमोर होतो!

मग एका सकाळी दुकानात दादाचाच फोन.

"आता आलुबोंडा खाल्ला काय गा?"

"तुले कोन सांगतलं?"

"सांगते कोन? माह्या तोंडात मिरची लागली ना बे!"

मी हसण्यावारी नेलं. नंतर तिरोड्याकडे एका लग्नाला गेलो. तिथे बोदलकशाच्या तलावातली तळलेली मासोळी... ताटभर नाही, परातभर खाल्ली म्हणा. हात धुवायच्या आत फोन.

"काटे काहाडून खाय ना गा! माह्या गळ्यात टोचून राहिले."

संध्याकाळी बाटली पांढरीफटक. डॉक्टर दादावर ओरडले, दादा माझ्यावर. आता मी कोणावर ओरडायचं? "डॉक्टरसाहेब, मासोळी मी खाल्ली" असं सांगितलं असतं तर मलाच भरती केलं असतं — दुसऱ्या वॉर्डात!

दुसऱ्या ऑपरेशनची भाषा सुरू झाली, तसा मी मुकाट्यानं तेल सोडलं. ऑपरेशन त्याचं आणि पथ्य मला! पुढे बोंडे तळायचे, मागे बसून उकडलेला भोपळा खायचा. त्यात गिऱ्हाइकं खवचट: "काऊन सेठ, सोताच खात नाही? तेल कोन्या जमान्यातलं हाये?"

नळी आटली. खरंच आटली. ती काढली, केमो सुरू झाला. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं आणि पथ्य. वहिनी म्हणते, आमच्या इकडच्या प्रतापगडच्या देवाचा नवस. माझ्या भोपळ्याचं नाव कोणी घेत नाही!

एक बोंडा खाल्ला की खरं-खोटं कळेल, एवढं मलाही समजतं. कढई समोर आहे, बोंडे समोर आहेत. स्वतःचाच वैताग येतो... पण हात तोंडापर्यंत जात नाही. दादाचा केमो अजून संपलेला नाही.

काल जेवायला बसलो आणि त्याचा फोन.

"काय गा, आज भोपळ्यात मीठ नाही टाकलं काय?"

कसं, काय, मला विचारू नका. फोन ठेवला आणि पुन्हा एक घास चाखून पाहिला. मीठ टाकायचं राहिलंच होतं.