भाकरीचा इतिहास

वस्तुसंग्रहालयात दुपारच्या सुट्टीतलं व्याख्यान होतं. वक्ते आमच्या भागातल्या भाकरीच्या जुन्या प्रकारांवर रंगून बोलत होते. शेजारी बसलेली मुलगी मांडीवरच्या जेवणाच्या बंद डब्याकडे बघत होती. तिच्या पलीकडे भिंत, अलीकडे मी.

"आजी, सुट्टी संपत आली हो. पण मधूनच उठायचं कसं?"

तिच्या वयात मीही अशीच उपाशीपोटी मान डोलवायचे. लोक काय म्हणतील, या धाकाने जागची हलायचे नाही. बावळट कुठली!

"अगं बाई, माझा गुडघा!" मी मोठ्याने कण्हत उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत असताना मुलगी सटकली. तिच्यामागून मीही निघणार, एवढ्यात वक्ते हरखून म्हणाले, "आजींना काहीतरी सांगायचंय वाटतं!" आणि माईक माझ्या तोंडाशी आला.