बाईंच्या नावाने उघडलेली फाईल

रुग्णालयात सगळे त्यांना पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट, नाव ठेवणाऱ्यांनी निदान कुलपाची आठवण तरी ठेवली, एवढंच त्या म्हणायच्या.

तळमजल्यावरच्या लांबुडक्या, कोंदट खोलीत सव्वीस वर्षं त्या रुग्णांच्या फायली सांभाळत होत्या. आधी नुसता कागद होता. फाईल हवी असेल त्याने बाईंसमोर उभं राहायचं, कशाला हवी ते सांगायचं, वहीत सही करायची. मग कॉम्प्युटर आला आणि बाईंच्या मते दाराला कुलूप आणि भिंतीला भगदाड अशी गत झाली. तिसऱ्या मजल्यावर तर पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली होती. बाईंनी ती फाडली. दुसऱ्या दिवशी तिथे नवी चिठ्ठी, आणखी मोठ्या अक्षरांत. जुनी लांबून नीट दिसत नव्हती म्हणे. लिफ्टमध्ये दोन डॉक्टर एका रुग्णाचं नाव घेऊन त्याच्या आतड्यांची चर्चा करत होते आणि मध्ये त्या रुग्णाची शेजारीण कान टवकारून उभी. बाईंनी दर महिन्याला सूचना लिहायची, अधीक्षकांनी त्यावर सही करायची, आणि ती सूचना फलकावर पिवळी पडेपर्यंत कोणी वाचायची नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

घरीही तीच तऱ्हा. नणंदेला आपल्या मुलासाठी एक मुलगी पसंत पडली होती. ती मुलगी दोन वर्षांपूर्वी याच रुग्णालयात होती असं कुठूनसं तिच्या कानावर आलं.

“वहिनी, आजार कुठला ते नको सांगूस. मानसिक होता का, एवढंच. नुसतं हो की नाही.”

“हो आणि नाही यातच तर सगळं येतं, ताई.”

“अगं, मी काय परकी आहे?”

“मुलीला परकीच आहात. मुलीलाच विचारा.”

तेव्हापासून नणंद फोनवर फक्त भावाशी बोलायची. बाईंच्या नवऱ्याने एकदा दबक्या आवाजात म्हणून पाहिलं, “सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?” बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने भांडी घासायला उठला.

अशा या बाईंच्या दारात एका सोमवारी सकाळी साधारण पंचेचाळिशीची एक बाई येऊन उभी राहिली. जवळच्या पाळणाघरात ती मुलं सांभाळायची. तिथल्या मुलांची, आणि त्यांच्या आयांचीही, ती मावशी होती. तिने फोन पुढे केला. फोनवर एका स्क्रीनचा तिरका फोटो होता. मावशीचं नाव, वय आणि खाली ठळक अक्षरांत क्षयरोग.

“हा फोटो कोणी काढला?” मावशीने विचारलं. आवाज चढला नव्हता. “मी दोन महिने घरी बसून औषधं घेतली. थुंकी तपासून डॉक्टरांनीच लिहून दिलं की आता तुमच्यापासून कोणाला लागण व्हायची नाही, कामावर जा. तेव्हाच गेले. आणि शुक्रवारी हा फोटो सगळ्या आयांच्या फोनवर! मालकीणबाईंनी मला दारातूनच परत पाठवलं. माझी चप्पलसुद्धा बाहेर आणून दिली.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुम्ही लेखी तक्रार द्या. कोणी केलं ते मी शोधून काढते,” असं म्हणून त्या तडक जिना चढल्या. गुन्हेगार तिसऱ्या मजल्यावरचा, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या चिठ्ठीवरून त्यांनी तिथल्या परिचारिकांना असं काही झापलं की दोघीजणी रडकुंडीला आल्या. मग कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. कोणती फाईल कोणाच्या नावाने कधी उघडली, याची यादी त्याच्याकडे निघत असे. इतक्या वर्षांत ती कोणी मागितलीच नव्हती.

“महिन्यात नऊ वेळा उघडलीय,” तो म्हणाला. “सहा वेळा डॉक्टरांनी, दोनदा प्रयोगशाळेने. आणि एकदा...” तो थांबला.

“एकदा कोणी? तिसऱ्या मजल्यावरून ना?”

“एकदा तुम्ही, बाई. गेल्या मंगळवारी, अकरा चाळीसला. तुमच्याच टेबलावरून.”

“मशीन चुकलं असेल.”

“मशीन अडतं, बंद पडतं. नावं रचत नाही.”

बाईंनी यादी स्वतःकडे वळवून ती ओळ पुन्हा वाचली. मंगळवार त्यांना लख्ख आठवला. औषधांच्या काउंटरवरचा माणूस आला होता. वडिलांचे जुने कागद हवे होते, फाईलचा नंबर माहीत नव्हता. बाई शिडीवर होत्या, गुडघा दुखत होता. पुन्हा खाली उतरायचा कंटाळा आला म्हणून त्या वरूनच म्हणाल्या होत्या, “बसा तिथे, नावावरून नंबर शोधा आणि मला ओरडून सांगा.” तीन मिनिटं. फार तर चार. ज्या गोष्टीवरून सव्वीस वर्षं जगाला फैलावर घेतलं, तीच त्यांनी शिडीवर उभं राहून स्वतः केली होती. जगाच्या डोळ्यांतली कुसळं वेचता वेचता आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसलंच नव्हतं.

औषधवाल्याने आधी कानावर हात ठेवले. बाईंनी वेळ सांगितली, तेव्हा त्याने काउंटरची काच ओढून घेतली.

“माझा मुलगा त्याच पाळणाघरात जातो. दोन वर्षांचा आहे,” तो म्हणाला. “मावशी इथे गोळ्या न्यायला आल्या तेव्हा मी ओळखलं. पण नक्की करून घ्यायचं होतं. फोटो फक्त बायकोला पाठवला. तिने पुढे पाठवला.”

“त्या गोळ्या रोज तुम्हीच देता. डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय कोणी कामावर जात नाही, हे तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण पोर माझं आहे ना, बाई.”

माणूस वाईट नव्हता, हाच खरा वैताग होता. वाईट असता तर चार शब्द सुनावून मन मोकळं तरी झालं असतं.

अधीक्षकांनी सगळं ऐकून चष्मा काढला आणि कपाळ चोळलं. “तुम्ही कशाला अंगावर ओढवून घेताय? तो सफाई कामगार गेल्या आठवड्यात सोडून गेला ना, त्याचाही तुमच्या खोलीत वावर होताच. अहवालात ‘बहुधा त्याच्याकडून’ असं लिहू. प्रकरण मिटेल.”

“आणि त्याला उद्या दुसरीकडे कोण कामावर ठेवेल? साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या.”

त्यांनी तिथेच बसून स्वतःच्या हाताने लिहिलं. माझं खातं उघडं ठेवून मी दुसऱ्याला खुर्चीवर बसवलं, त्यातून ही माहिती बाहेर गेली. सही केली, तारीख घातली. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या दोन परिचारिकांची माफी मागितली. त्यातली थोरली म्हणाली, “ठीक आहे, बाई,” आणि चिठ्ठी मात्र होती तिथेच राहिली. बाईंनी हात टेकले.

मावशीच्या घरी जाणं सगळ्यांत अवघड होतं. तिचं एकच खोलीचं घर होतं. दोरीवर धुतलेले कपडे, खिडकीत औषधांची पेटी आणि त्यावर मुद्दाम टाकलेला रुमाल. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मावशीने पाणी दिलं नाही, बसाही म्हटलं नाही.

“तुमच्या माफीचं मी काय करू?” ती म्हणाली. “ती काय उशाला घेऊन झोपू? माफीने त्या आया मला पुन्हा पोरं हातात देणार आहेत का?”

“मग काय करू, सांगा.”

“मालकीणबाईंसमोर चला. जे इथे सांगितलंत ते तिथे सांगा. आणि डॉक्टरांनाही आणा.”

डॉक्टरांना आणायला तीन दिवस लागले. कधी राउंड, कधी मीटिंग. शेवटी बाई त्यांच्या दारात स्टूल टाकून बसल्या, तेव्हा ते निघाले. आपल्याबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, हे मावशीने रस्त्यातच त्यांना बजावलं. पाळणाघरात भिंतीवर हत्ती-घोडे रंगवलेले होते आणि मालकीणबाई एका लहानशा खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. डॉक्टरांनी आजार समजावला. बाईंनी आपली चूक सांगितली. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, “मला कळत होतं हो. पण आया एकदम तुटून पडल्या. मावशी, सोमवारपासून या.”

“सोमवारी नाही,” मावशी म्हणाली. “शुक्रवारी सगळ्यांदेखत हाकललंत. आता सगळ्यांदेखत बोलवा. मी येईन तेव्हा त्या आया इथे हव्यात.”

तसंच झालं. सगळ्या आल्या नाहीत. दोघींनी मुलांना काढून घेतलं, त्यात औषधवाल्याची बायको एक. औषधवाल्याला समज देऊन दुसऱ्या शाखेत पाठवलं गेलं. मावशी पुन्हा कामाला लागली, पण मुलांना भरवताना घासाघासाला आयांचे डोळे आपल्या हातांवर आहेत असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. डॉक्टरांशी बोलताना ती दार लोटून घ्यायला लागली.

बाईंच्या सेवापुस्तकात ठपका बसला आणि सहा महिन्यांसाठी त्यांना रेकॉर्ड रूममधून काढून चौकशीच्या खिडकीवर बसवलं. नणंदेला बातमी लागली, तेव्हा तिने कित्येक महिन्यांनी वहिनीला फोन केला. “आम्हाला एक शब्द सांगायची नाहीस आणि बाहेर फोटो वाटतेस होय?” बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बोलणं झोंबलं, कारण निम्मं खरं होतं.

“वाटला नाही, ताई. पण दार मीच उघडं टाकलं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि त्या मुलीबद्दल मी आजही काही सांगणार नाही.”

चौकशीच्या खिडकीवर त्यांच्या तर नाकी नऊ आले. अमका कुठल्या वॉर्डात, तमकीला काय झालंय, पलीकडच्या काकांचं निदान काय निघालं, दिवसभर हेच. एक गृहस्थ तर रोज यायचा, वेगवेगळ्या नात्याने. सोमवारी तो रुग्णाचा चुलता होता, बुधवारी मेहुणा.

“शुक्रवारी कोण होणार आहात?” बाईंनी विचारलं.

तो ओशाळून हसला आणि निघून गेला. त्याच्या मागे रांगेत अजून अकराजण होते. बाईंनी पदराने चष्म्याची काच पुसली आणि पुढच्याला हाक मारली.