पुढे ढकललेली तारीख

दुर्बिणीच्या खोलीत मी नोकरीला लागले ती नव्वदीच्या सुरुवातीला. तेव्हा कोल्हापुरात 'पोटात नळी घालतात' एवढं ऐकूनच लोकांना घाम फुटायचा. डॉक्टर एक डोळा मिटून दुसरा दुर्बिणीला लावायचे, आणि आत काय दिसतंय ते त्यांच्याखेरीज कुणालाच कळायचं नाही. पुढं टीव्ही आला आणि मलाही लोकांची जठरं ओळखीच्या गल्ल्यांसारखी दिसायला लागली. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. नळ्या धुवायच्या औषधाचा उग्र वास, खिडकीखालच्या टपरीवरचा चहा, आणि उपाशी पेशंटांसमोर तो पिता येत नाही म्हणून आमची चिडचिड.

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. चोरून चहा पिऊन येणाऱ्याला मी अशी फैलावर घ्यायची की पुढचा आपोआप सरळ व्हायचा. डॉक्टर म्हणायचे, सिस्टरांना बघूनच पेशंट गुमान नळी गिळतात.

स्वाइन फ्लूच्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, गडहिंग्लजकडचे एक मामा बायकोला घेऊन आले. उसाचे शेतकरी, स्वतःचं गुऱ्हाळ, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलण्यात निम्मं कानडी. मूलबाळ नाही, दोघंच. मामांच्या जठरात चार आण्याएवढा डाग होता. तपासणीत कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा, वरच्या थरातला. त्या काळी पेशंटसमोर तो शब्द सहसा कुणी काढत नसे. डॉक्टर म्हणाले, डाग चांगला नाही, पण वेळेत आलात; पोट न फाडता दुर्बिणीतूनच तारेच्या फासात धरून काढू. खोल गेला तर मात्र ऑपरेशनच. दोघांनी माना डोलावल्या आणि तारीख घेऊन गेले.

ती तारीख यायच्या आधी पुण्यातल्या साथीच्या बातम्या आल्या. दुकानांतले मास्क संपले, बायाबापड्या रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हुंगत फिरायला लागल्या. नळी घातली की माणूस खोकतो, ओकतो, सगळं आमच्या तोंडावर. म्हणून ठरलं, रक्ताची उलटी होणारे तेवढे घ्यायचे, बाकीच्यांना पुढच्या तारखा. फोन करायचं काम माझ्याकडं आलं.

पहिले सात-आठजण मी नेहमीच्या पद्धतीनं उरकले. मामांचा फोन लागला तर पलीकडून त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं, "अक्का, लई वाढलंय काय वो?"

माझं काळीज पाघळलं. मी म्हटलं, "छे हो मामा, काळजी करू नका. डॉक्टर म्हणालेत, घाई नाही. आम्ही बोलावलं की या."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मामांचं नाव वहीत खाली गेलं आणि मी पुढचा नंबर फिरवला.

दसरा झाल्यावर खोली पुन्हा नेहमीसारखी सुरू झाली. वहीत मी मामांच्या नावापर्यंत पोचायच्या आत तेच दारात उभे. भस्मावर गुलाल, सदऱ्यावर गुलाल, हातात खोबऱ्याचा प्रसाद. मागं बायको हसत उभी.

"जोतिबाला नवस बोललो हुतो अक्का, नळीची पाळी येऊ नगं म्हणून. तुमी बोलावलंच न्हाईसा. फेडून आलो बघा."

डॉक्टरांनी बोलावलं नाही म्हणजे दुखणं गेलं, इतका साधा हिशेब. घरी गूळ वाटून झाला होता. त्यांनी हातावर ठेवलेलं खोबरं मला धरवेना. मी त्यांना फैलावर घेतलं, बसा म्हटलं, कुठं जायचं नाही म्हटलं. ते बिचारे गोंधळून बसले. प्रसाद खाल्लेला, म्हणजे दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीत गावाकडं पळतील या भीतीनं मी दोघांना माझ्या घरी घेऊन गेले, लवकर जेवायला घातलं आणि स्वयंपाकघराला कडी लावली.

सकाळी डाग टीव्हीवर आला. मला तरी तेवढाच वाटला. त्याच्याखाली सुईनं मिठाचं पाणी सोडतात. डाग वरवरचा असेल तर भाकरीसारखा फुगून वर येतो आणि फासात बसतो. कडा फुगल्या. मधलं चिकटून राहिलं. डॉक्टरांनी पुन्हा पाणी सोडलं, परत एकदा सोडलं. मी फास हातात धरून उभी.

"फास ठेवून द्या, सिस्टर," ते म्हणाले.

मामांचं निम्म्याहून जास्त जठर काढावं लागलं. ते जगले. एका वेळी चतकोर भाकरी खायचे, हडकले, पण दर वर्षी गुऱ्हाळ लागलं की गुळाची पहिली ढेप घेऊन तपासणीला यायचे. बाकावर बसलेल्या पेशंटांना सांगायचे, "ह्या अक्कानं मला घरात ठिवून घेतलं, म्हणून हाय मी." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायचे. त्या फोनचा त्यांना कधी संशयसुद्धा आला नाही. एकदा तरी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

दर वर्षी ढेप हातात घेताना ठरवायची, या खेपेला फोनचं सांगून टाकायचं. मग म्हणायची, मामा, तुमचा नंबर आला, चला आत.

एका वर्षी ढेप घेऊन त्यांची बायको एकटीच आली.